जहाज किती चालले?

लखनौ म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ते संगीत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय उभे केले आणि मुंबईचे नाव त्या शहराशी कायमचे जोडले गेले. समुद्राशी मात्र लखनौचा संबंध असेल, अशी कोणी कल्पनाही करणार नाही. मुंबईहून रेल्वेने सुमारे चौदाशे किलोमीटर आत, चहूबाजूंनी भूमीने वेढलेले असे हे शहर. तेथे भरती नाही, ओहोटी नाही, खाऱ्या वाऱ्याची झुळूक नाही. तरीही जहाजाचा वेग कसा मोजतात, हा प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर त्याची सुरुवात लखनौच्या गोमती नगरात करणेच सोयीचे ठरेल. कारण भर समुद्रात जे डोळ्यांना दिसत नाही, ते नदीच्या काठी सहज दिसते.

गोमती नगर ही लखनौची गेल्या काही दशकांत वाढलेली विस्तीर्ण वसाहत. नदीचा काठ येथे दगडमातीने बांधून काढला आहे आणि संध्याकाळी लोक त्यावर फिरावयास येतात. पिलीभीत जिल्ह्यात उगम पावलेली गोमती येथून संथपणे पुढे जाते आणि अखेर गंगेस मिळते. अशा काठावर एक मनुष्य उभा आहे आणि नदीत दुसरा मनुष्य नाव वल्हवीत आहे, अशी कल्पना करावी. नावाडी पाण्याला मागे सारीत तासाला पाच किलोमीटर या वेगाने जात आहे. नदीचे पाणी तासाला दोन किलोमीटर या गतीने वाहत आहे, असे हिशेबापुरते धरू. नाव प्रवाहाच्या उलट चालली असेल, तर काठावरच्या मनुष्याला ती तासाभरात तीनच किलोमीटर गेलेली दिसेल. प्रवाहाबरोबर चालली असेल, तर सात. नावाड्याला विचारावे, तर तो दोन्ही वेळा पाचच सांगेल, आणि त्याच्या दंडांतील कळ त्याची साक्ष देईल. आता या दोघांत खरा कोण?

दोघेही खरे. नावेला एक वेग पाण्याच्या संदर्भात असतो आणि दुसरा भूमीच्या संदर्भात. पाणी स्तब्ध असेल आणि वाराही पडलेला असेल तेव्हाच ते एक होतात. आणि तशी वेळ समुद्रावर क्वचितच येते. जहाज किती चालले, या साध्या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरे आहेत. माणसाने शेकडो वर्षे त्यांपैकी पहिलेच उत्तर मोजले, कारण दुसरे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. आता उपग्रहाने दुसरे उत्तर इतके सोपे करून टाकले आहे की पहिल्याचा विसर पडण्याची भीती निर्माण झाली आहे.

पूर्वीची रीत मोठी गमतीची होती. दोरीच्या टोकाला लाकडाची एक त्रिकोणी फळी बांधीत. तिच्या एका कडेला शिसे भरलेले असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राही आणि टाकली त्या जागी अडून बसे. जहाज पुढे जाई तशी दोरी सुटत जाई. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. एक खलाशी वाळूचे घड्याळ धरी, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. पुढे रूढ झालेल्या मापाप्रमाणे दोन गाठींमधील अंतर ४७ फूट ३ इंच आणि वाळू गळण्याचा वेळ २८ सेकंद. हे आकडे लहरीने ठरविलेले नाहीत. २८ सेकंदांचे तासाशी जे प्रमाण, तेच ४७ फूट ३ इंचांचे सागरी मैलाशी. म्हणून जितक्या गाठी सुटल्या, तितके सागरी मैल दर तासाला. इंग्रजीत गाठीला नॉट म्हणतात आणि जहाजाचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. सागरी मैल १८५२ मीटरांचा, हे माप १९२९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निश्चित झाले. लाकडाच्या त्या ओंडक्यावरून त्या साधनाला 'लॉग' हे नाव पडले. आणि ज्या वहीत हे आकडे टिपीत, ती लॉगबुक.

लाकडी फळी जाऊन पुढे फिरता पंखा आला, पाण्याचा दाब मोजणारी नळी आली, विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने तळाखालच्या पाण्याची गती ओळखणारे यंत्र आले. साधने सुधारली, पण त्यांचा प्रश्न तोच राहिला : जहाजाच्या अंगावरून पाणी किती वेगाने जात आहे? ते पाणी स्वतः कोठे चालले आहे, याचा पत्ता यांपैकी एकालाही नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावरून अरबस्तान आणि आफ्रिकेकडे जाणाऱ्या गलबतांच्या तांडेलांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नसे. अरबी समुद्राच्या पलीकडच्या बाजूला, सोमालियाच्या किनाऱ्यालगत, समुद्राचा प्रवाह पावसाळ्यात एका दिशेने आणि हिवाळ्यात तिच्या उलट वाहतो. लॉग दोन्ही ऋतूंत सारखाच आकडा सांगेल, पण गलबत एकाच ठिकाणी पोहोचणार नाही.

आकाशातून वेग मोजण्याची कल्पना सुचली ती एका ध्वनीवरून, ही गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटेल. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुट्निक आकाशात सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी रेडिओवर त्याचे 'बीप, बीप' ऐकले, आणि त्या आवाजाची पट्टी हळूहळू उतरत जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी गाडी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तोच हा प्रकार. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. लहरी सोडणारा जवळ येत असेल तर दर सेकंदाला अधिक लहरी कानी पडतात, दूर जात असेल तर कमी. या फरकावरून त्या दोघांनी स्पुट्निकची कक्षा काढली. मग त्याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्ल्यूर यांनी प्रश्न उलटा केला : जमिनीवरील माणसाला आपले स्थान ठाऊक असले की उपग्रहाचे काढता येते, तर उपग्रहाचे ठाऊक असल्यास माणसाचे का काढता येऊ नये?

त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-नौकानयन व्यवस्था जन्मास आली. अमेरिकेच्या नौदलाने ती १९६४ पासून वापरली, १९६७ मध्ये ती व्यापारी जहाजांस खुली झाली आणि १९९६ च्या अखेरीस बंद झाली. तिची एक अडचण मोठी बोलकी आहे. उपग्रह डोक्यावरून जात असताना दहा-पंधरा मिनिटे त्याचा आवाज ऐकावा लागे, आणि तेवढ्या वेळात जहाज पुढे सरकलेले असे. ते किती सरकले, हे यंत्राला जहाजाच्या लॉगनेच सांगावे लागे. लॉगमध्ये एका नॉटची चूक झाली, तर स्थानात सुमारे पाव मैलाची चूक पडे. पहिला नौकानयन-उपग्रह असा जहाजालाच त्याचा वेग विचारीत होता!

आजची व्यवस्था विचारीत नाही, सांगते. अमेरिकेची जीपीएस ही व्यवस्था १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह सेकंदाला १५७ कोटी ५४ लाखांहून थोडी अधिक कंपने असलेली लहर पाठवितात. या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. म्हणजे उपग्रह आणि जहाज यांच्यामधील वेगात सेकंदाला १९ सेंटिमीटरांचा फरक पडला, की कंपनांच्या मोजणीत एकाचा फरक पडतो. आणि आजची यंत्रे एका कंपनाचे लहान लहान अंशही मोजतात. पुष्कळांची समजूत अशी असते की आधी एक स्थान, नंतर दुसरे स्थान आणि मधल्या अंतराला वेळेने भागून यंत्र वेग काढते. तसे करता येते, परंतु प्रत्येक स्थानात काही मीटरांची अनिश्चिती असल्याने असा क्षणोक्षणीचा वेग फारसा विश्वासार्ह नसतो. चांगले यंत्र स्पुट्निकच्याच वाटेने जाते; निदान चार उपग्रहांच्या लहरी एकाच वेळी ऐकते, त्यांचे चढउतार ताडून पाहते आणि सेकंदाला काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक असा जहाजाचा वेग सांगते. या वेगांची बेरीज करीत गेले की भूमीच्या संदर्भात कापलेले अंतर मिळते.

उपग्रह स्वतः मात्र सेकंदाला सुमारे चार किलोमीटर धावत असतो. जहाजाची सेकंदाला आठ-दहा मीटरांची चाल त्यातून निवडून काढावयाची, तर उपग्रह कोठे आहे आणि किती वेगाने चालला आहे, हे आधी अत्यंत काटेकोरपणे ठाऊक असावे लागते. ते ठरविण्याचे काम जमिनीवरील स्थानके करतात. लखनौचा दुसरा धागा येथे हाती लागतो. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या इस्ट्रॅक या उपग्रह-मागोवा यंत्रणेचे एक स्थानक लखनौला आहे. गोमती नगरात नव्हे, पण त्याच शहरात. अशी स्थानके उपग्रहाचे अंतर लहरीच्या जाण्यायेण्यास लागणाऱ्या वेळावरून आणि त्याची गती त्याच डॉप्लर परिणामावरून मोजतात. भारताची स्वतःची नाविक ही व्यवस्था अशाच भूस्थानकांच्या आधारावर चालते. तिच्या मूळ मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी अवकाशात गेला. पुढे त्यांतील काही उपग्रहांची परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच स्वदेशी अणुघड्याळ बसविले गेले. घड्याळाला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. सेकंदाचा दहा लक्षावा भाग चुकला, तर अंतरात तीनशे मीटरांची चूक होते, एवढे उत्तर पुरे.

उपग्रहाच्या वेगमापनाची खरी करामत भर समुद्रात नव्हे, तर धक्क्याजवळ दिसते. तीन लाख टन वजनाचे तेलवाहू जहाज धक्क्याला लावताना ते आडवे सरकत येते. त्याची गती मुंगीच्या चालीची असावी लागते. सेकंदाला दहा सेंटिमीटर म्हणजे एका नॉटचा जेमतेम पाचवा हिस्सा. ती वीस सेंटिमीटर झाली, तर धक्क्यावर आदळणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० हजार टन किंवा त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजावर पुढची आणि आडवी अशी दोन्ही बाजूंची, भूमीच्या संदर्भातील गती दाखविणारे साधन असावेच लागते. पूर्वीपासून हे काम समुद्रतळावर ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणारी यंत्रे करीत आली. परंतु धक्क्याजवळ जहाजांचे पंखे पाणी घुसळतात, त्यात फेस आणि हवेचे बुडबुडे होतात आणि प्रतिध्वनी बिघडतो. आकाशातून येणाऱ्या लहरीला या घुसळणीचे सोयरसुतक नाही. डोलकाठीवर दोन किंवा तीन ग्राहक काही अंतरावर बसविले, की त्यांच्या परस्पर स्थितीवरून जहाजाचे तोंड कोणीकडे आहे आणि ते किती वेगाने वळत आहे, हे कळते. त्यावरून नाळ धक्क्याकडे किती वेगाने येत आहे आणि पिछाडी किती, हे स्वतंत्रपणे सांगता येते. नाळ आत येत असताना पिछाडी बाहेर जात असेल, तर कप्तानाला तेही दिसते.

मग जुना लॉग फेकून का देऊ नये? हा प्रश्न जहाजमालकांनाही पडला असेल, कारण उपग्रहाचे यंत्र बसविण्यासाठी जहाजाच्या तळाला भोक पाडावे लागत नाही. याचे उत्तर मुंबईच्या ससून डॉकवरून किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरून निघणाऱ्या मासेमारी बोटीवर मिळेल. ट्रॉलरचे जाळे पाण्यातून ओढले जाते. ते किती उघडे राहील आणि मासा त्यात सापडेल की निसटेल, हे जाळे पाण्यातून किती वेगाने जाते यावर अवलंबून असते. उपग्रहाचे यंत्र तीन नॉट दाखवीत असेल आणि प्रवाह मागून एका नॉटने रेटीत असेल, तर जाळे पाण्यातून दोनच नॉटने चालले आहे. अनुभवी तांडेल दोरांच्या ताणावरून हे ओळखतो. नवखा पडद्यावरील आकड्याकडे पाहत राहतो. मोठ्या जहाजाच्या इंजिनाचेही तसेच आहे. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की जहाज जड चालते आणि तेल अधिक जळते. अनुकूल प्रवाहात उपग्रहाचा आकडा चांगलाच दिसतो आणि तळाचा रोग लपून राहतो. टक्कर टाळण्याच्या गणितातही पाण्यावरचाच वेग घ्यावयाचा असतो. कारण समोरासमोर आलेली दोन जहाजे एकाच प्रवाहात सापडलेली असतात, आणि समोरच्याचे तोंड कोणीकडे आहे हे पाण्यावरील वेगाच्या हिशेबानेच बरोबर समजते.

दोन वेगांमधील तफावत किती महाग पडू शकते, ते १९९५ च्या जून महिन्यात दिसून आले. रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेच्या बॉस्टन बंदराकडे निघाले. त्यावर १५०९ माणसे होती. निघाल्यावर तासाभराच्या आतच जीपीएसच्या ग्राहकाची तार जोडातून निसटली. यंत्र बंद पडले नाही, आणि घात झाला तो तेथेच. उपग्रहाचा आवाज येईनासा होताच ते निमूटपणे दिशादर्शक आणि लॉग यांच्या आधारे अंदाजाने स्थान सांगू लागले. तशी सूचना पडद्यावर होती, पण ती दोन-तीन बारीक अक्षरांची. लॉग सांगत होता तो वेग पाण्यावरचा. वारा, लाटा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलीत आहेत, हे त्याच्या हिशेबात कोठेच नव्हते. चौतीस तासांहून अधिक काळ अधिकारी तोच आकडा नकाशावर मांडीत राहिले. इतर साधनांशी तो ताडून पाहण्याची कोणास गरज वाटली नाही. १० जूनच्या रात्री जहाज नँटकेट बेटाच्या पूर्वेस वाळूच्या उथळ भागात रुतले, तेव्हा ते आपल्या मार्गापासून सुमारे सतरा मैल दूर होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. तास दोन तास चालावे एवढे ते अंतर, थेंबाथेंबाने साठत गेले.

या प्रकरणात लॉगने खोटे सांगितले नाही आणि उपग्रहानेही नाही. पाण्यावरच्या वेगाला भूमीवरचा वेग समजले गेले, एवढेच झाले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१२ मध्ये यंत्रांचे निकष सुधारताना जे ठरविले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे : ज्या जहाजाला दोन्ही वेग मोजणे आवश्यक आहे, त्याने ते दोन स्वतंत्र साधनांनी मोजावेत. एकाच यंत्रात दोन्ही कामे बसवून चालणार नाही. एक आजारी पडले तर दुसऱ्याने तरी बोलावे, हा त्यातला व्यवहार. आणि उपग्रहाची लहर आजारी पाडता येते, हेही आता सिद्ध झाले आहे. ती जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेली असते. तिच्यावर मात करणारी बनावट लहर सोडणे अवघड नाही. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातील निदान वीस जहाजांची यंत्रे, आपण किनाऱ्यापासून आत एका विमानतळावर उभे आहोत, असे सांगू लागली. अशा वेळी ज्याच्याजवळ पाण्यात बुडालेला लॉग, होकायंत्र आणि पेन्सिल आहे, तो कप्तान निदान अडाण्यासारखा भटकत नाही. मात्र रॉयल मॅजेस्टीची आठवण ठेवून त्याला प्रवाहाची बेरीज-वजाबाकी स्वतः करावी लागते.

अखेर गोमती नगराच्या काठाकडे वळावयाचे, त्याला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 'गोमती' याच नावाची, सुमारे १२६ मीटर लांबीची युद्धनौका बांधली गेली. १६ एप्रिल १९८८ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. जीपीएसचा पूर्ण ताफा तेव्हा आकाशात जावयाचा होता. चौतीस वर्षांच्या सेवेनंतर २८ मे २०२२ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत तिचा ध्वज उतरविला गेला. तिच्या युद्धसामग्रीतील काही साधने लखनौला, गोमतीच्या काठी व्हावयाच्या खुल्या संग्रहालयात ठेवली जातील, असे त्या वेळी जाहीर झाले. माझगावात बांधलेले आणि अरबी समुद्राच्या पाण्यावर चाललेले असे काही, ज्या नदीचे नाव त्याने धारण केले तिच्याकडे, चौदाशे किलोमीटर रेल्वेच्या वाटेने जावे, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

त्या काठाशी दोरखंडाने घट्ट बांधलेल्या एखाद्या होडीच्या तळाला जुन्या धर्तीचा लॉग लावला, तर ती जागची हलत नसतानाही त्याचा काटा थोडासा वर चढेल, कारण तिच्या अंगावरून गोमतीचे पाणी वाहत असेल. शेजारी ठेवलेले उपग्रहाचे यंत्र त्याच क्षणी शून्य दाखवील.